चहा भरलाच समजा

पैशाला सरळ असलेली, नात्याला सरळ असलेली, एवढंच काय, द्राक्षाच्या वजनकाट्यालाही सरळ असलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तारखेच्या बाबतीत कधीच खोटं न बोलणारा माणूस मला आख्ख्या सांगली-सातारा जिल्ह्यांत एकच भेटला, आणि नवलाची गोष्ट म्हणजे तो ठेकेदार होता. तासगावच्या आसपास बेदाण्याच्या शेड उभारून देणं हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना शेडवाले चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणते. खरं तर ते माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठे, पण या वयात कुणालातरी चाचा म्हणायला मिळतंय, ही संधी मी कशाला सोडू? बेताची उंची, मेंदी लावलेली दाढी, आणि डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. त्या टोपीची मूळची भोकं किती आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली किती, हे चाचींनाही सांगता आलं नसतं.

चाचांचं या जगात कुणाशी वैर नव्हतं. होतं ते फक्त दोन शब्दांशी: ‘झालंच समजा’. आपल्याकडची निम्मी कामं या दोन शब्दांवर उभी असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शिंप्याकडं ब्लाउज झालाच समजा, सुताराकडं पलंग झालाच समजा, आणि जावयाची बदली तर गेली सहा वर्षं झालीच समजा. आमच्या कचेरीत हेच आम्ही जरा नीटनेटक्या मराठीत लिहीत असू: ‘काम अंतिम टप्प्यात आहे’. माझ्या सहीनं अंतिम टप्प्यात गेलेली किती कामं अजून तिथंच मुक्काम करून आहेत, याचा विचार मी निवृत्तीनंतर सोडून दिला. झोप लागत नाही. चाचांचं म्हणणं साधं होतं. “झालं, न्हाईतर न्हाई झालं. दोनच गोष्टी असत्यात. मधली ही तिसरी तुमी कुठनं आणलीसा?”

आणि या रोगावर त्यांच्याकडं एक औषध होतं. एक कप. पांढरा, निळ्या फुलांचा, काठाचा टवका उडालेला. कामाच्या जागी पहिला खांब उभा राहिला की त्याला चाचा तारेचा आकडा अडकवत आणि आकड्याला तो कप. कुणी ‘झालंच समजा’ म्हणालं की ते उठत, कप काढत, आणि रिकामाच्या रिकामा त्या माणसाच्या हातात देत. “घ्या. चहा भरलाच समजा.” ते काम खरोखर पुरं होईपर्यंत त्या माणसानं कप खाली ठेवायचा नाही, असा नियम. एका हातात कप आणि दुसऱ्या हातानं बोल्ट आवळणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. काम झालं की मात्र चाचा स्वतः स्टोव्ह पेटवत, आलं ठेचत, आणि त्याच कपात काठोकाठ चहा ओतून देत. एकदा म्हणे वीजजोडणीचे एक साहेब “चाचा, तुमचा मीटर बसलाच समजा” असं म्हणून गाडीत बसायला निघाले. चाचांनी अदबीनं कप पुढं केला. साहेबांनी सवयीनं तो ओठाला लावला, घोट घेतल्यासारखंही केलं, आणि “मला साखर कमी चालते” म्हणाले. मग त्यांनी कपात पाहिलं. तिसऱ्या दिवशी मीटर बसला, आणि साहेब चहा प्यायला मुद्दाम वाट वाकडी करून आले.

चाचा कधी ओरडत नसत. ते रागावले की माणसाला मान देऊ लागत. “बंड्या, हिकडं ये रं,” असं त्यांनी म्हटलं की बंडू वेल्डरला कळायचं, आज हवा चांगली आहे. “बंडू, जरा येतोस का?” म्हटलं की काहीतरी चुकलंय. आणि “बंडोपंत, आपण जरा बसतासा का?” असं ऐकू आलं की बंडू हातातलं सगळं टाकून उभा राहायचा. दोघांचं भांडण झालं तर चाचा कुणाची बाजू ऐकून घेत नसत. वीस फुटी लोखंडी अँगल दोघांच्या खांद्यावर द्यायचा आणि सांगायचं, “ह्यो त्या बांधापत्तुर न्या आणि परत आणा.” लांब अँगल खांद्यावर असला की पाऊल जुळवून टाकावंच लागतं, नाहीतर मागच्याच्या मानेवर बसतो. पाऊल जुळवायचं तर बोलावं लागतं. बांधापर्यंत शिव्या देत गेलेली माणसं परत येताना “जरा दमानं घे, खड्डा हाय” म्हणत येत. सकाळी कामाला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांना उभं करून ते “काल किती झालं?” असं कधीच विचारत नसत. विचारायचे, “कुणासाठी अडलायस?” बंडू म्हणायचा, आप्पासाठी, खांबाचं काँक्रीट ओलं हाय. मग चाचा आप्पा गवंड्याकडं वळून म्हणायचे, “तुझं काम तू सांगू नगंस. बंडूचं आज काय हाय, ते सांग.” आप्पाला बंडूचं काम पाठ, बंडूला आप्पाचं. चुकलं की सगळे हसायचे, आणि हसता हसता दिवसाचं काम ठरून जायचं. हे सगळं मला फार पुढं उमगलं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, ही माणसं फारच गप्पा मारतात.

आता त्या ‘मला’बद्दल सांगते. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकोणसाठ वर्षांची, आणि एका सरकारी कचेरीच्या नियोजन शाखेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर रंगीत पेन्सिलींनी कामाचे तक्ते काढले. लाल पट्टी पायाभरणीची, निळी बांधकामाची, हिरवी उद्घाटनाची. हिरवी पट्टी मी फार मन लावून रंगवत असे. तासगावच्या पुढं माझ्या धाकट्या दिरांची द्राक्षबाग आहे. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ज्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये ते दरवर्षी बेदाणा करायचे, त्याला ती शेड त्या वर्षी स्वतःलाच लागणार होती. स्वतःची शेड बांधण्याला पर्याय नव्हता. पलंगावर पडल्या पडल्या भाऊजी म्हणाले, “वहिनी, जन्मभर तुम्ही हेच केलंत. तेवढी शेड उभी करून घ्या. घड पिकले की मला विचारून थांबायचे न्हाईत.” झालं. त्या बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आज तिच्याकडं पाहते आणि मला हसू आवरत नाही: सांगलीच्या विश्रामबागेतून तासगावला निघालेली, खांद्याला पर्स, काखेत गुंडाळलेला तक्ता, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आजची एसटी वेळेवर सुटली तीही हिच्यामुळंच.

बेदाण्याची शेड म्हणजे बिनभिंतींचं लांबलचक घर. लोखंडी खांब, वर पत्रा, आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे आठ-दहा मजले. औषधाच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं त्या जाळ्यांवर पसरायची आणि मग पंधरा दिवस वाऱ्याच्या हवाली करायची. एवढं सोपं काम, पण माझ्या तक्त्यावर त्याच्या सत्तावीस पट्ट्या होत्या, आणि तक्त्याला वरून प्लास्टिक चढवलेलं होतं. चाचांनी उन्हात उभं राहून अर्धा तास तो समजून घेतला. मग म्हणाले, “लय देखणा हाय, बाई. पर ह्यात कोण कुणाची वाट बघतंय, त्ये कुठं दिसतंय?” मी म्हटलं, ते तक्त्यात दाखवत नाहीत. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि तक्ता घडी न करता व्यवस्थित ठेवून दिला. आठवड्यानं पाहते तर बंडू त्यावर लोखंडाचा कीस गोळा करून बाहेर टाकत होता. चाचा माझी समजूत काढत म्हणाले, “लय टिकाऊ निघाला, बाई. नुसता कागद आसता तर कवाच फाटला आसता.”

आता खरी गोष्ट. माझा एक गुप्त नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता: खरी तारीख कुणाला सांगायची नाही. काम पंधराला हवं असेल तर पाच सांगायची. कचेरीत तेच, घरातही तेच. लग्नाला निघायची वेळ मी नवऱ्याला जन्मभर तासभर अलीकडची सांगितली, ते जन्मभर तासभर उशिरा तयार झाले, आणि आम्ही प्रत्येक लग्नात अक्षता वेळेवर टाकल्या. याला मी संसारातलं यश समजत होते. आपल्याकडं सगळेच असं करतात. शिंप्याला ठाऊक असतं की बाई चार दिवस अलीकडचं सांगते, म्हणून तो चार दिवस पुढचं धरतो. बाईला ते ठाऊक असतं, म्हणून ती आठ दिवस अलीकडचं सांगते. आणि या सगळ्यात दिवाळी आपल्या तारखेला येऊन जाते.

तर चाचांनी विचारलं, “बाई, तोडणी कवा?” भाऊजींची तोडणी पंधरा तारखेला ठरलेली होती. मी म्हटलं, “पाचला.”

“पाच म्हंजी पाचच न्हवं?”

“पाच म्हणजे पाचच.”

“पाचला जाळीवर माल पडणार?”

“पडणार.”

चाचांनी बोटं मोजली. मोजता मोजता मध्येच थांबले, रस्त्याकडं पाहिलं, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. मला वाटलं, चाचांचा हिशेब चुकला. मग ते म्हणाले, “बरं. पाच.” आणि खडू घेऊन पहिल्या खांबावर, कपाच्या वर, हाताएवढा ५ काढला. मी मनात म्हटलं, सापडला की हाही माझ्या जाळ्यात.

त्या पाचासाठी चाचांनी जे काम केलं, ते मी फक्त लग्नघरात पाहिलंय. उजाडायच्या आत अवजारं एका जुन्या चादरीवर ओळीनं मांडलेली असत. काम अर्ध्यावर आलं असताना एका सकाळी चाचांच्या शेजारी एक नवा पोरगा दिसला. बारीक कापलेले केस, इस्त्रीची पँट, ताठ उभा. काहीच करत नव्हता. नुसता चाचांच्या मागं मागं फिरत होता आणि चाचा त्याला काहीतरी सांगत होते. माझ्यातली साहेबीण जागी झाली. “चाचा, हा असा उभा काय राहिलाय? चांगला धडधाकट आहे, जाळी ताणायला लावा की.”

चाचा म्हणाले, “लावतो, बाई.”

पोरगा टाचा जुळवून म्हणाला, “जी, मॅडम,” आणि जाळी ओढायला लागला.

जाळी अशी ताणली की वर रुपया टाकला तर उडावा. तीन-चार दिवसांनी मी म्हटलं, “चाचा, हे रत्न कुठून आणलंत? असे आणखी चार मिळाले तर बघा.” चाचा म्हणाले, “एकच हाय, बाई.” दुपारी चाचा आणि तो पोरगा लिंबाखाली एकाच डब्यातून जेवत आणि जेवून झाल्यावरही बोलत बसत. आणि मी, आता सांगायलाही नको वाटतं, पण सांगते, मनगटावरचं घड्याळ त्यांना दिसेल असं धरून म्हटलं, “जेवणाची सुट्टी अर्धा तास हं.” पोरगा लगेच उठला. चाचा जरा वेळानं उठले.

पाच तारखेला मी पेढे घेऊन दहा वाजता पोचले. शेड तयार होती. खालची जमीन झाडून त्यावर पाणी मारलेलं, जाळ्या ताठ, चाचा धुतलेले कपडे घालून रस्त्याकडं तोंड करून उभे. म्हणाले, “तोडणीवाल्या बायका आजून आल्या न्हाईत, बाई. सात वाजल्यापासनं वाट बघतोय.”

मी हसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मूर्ख हसू असावं, आणि त्या जागेसाठी उमेदवार पुष्कळ आहेत. म्हटलं, “अहो चाचा, तोडणी पंधराला! मी मुद्दाम दहा दिवस अलीकडचं सांगितलं. असं केल्याशिवाय कामं कुठं वेळेवर होतात? घ्या, पेढा घ्या.”

चाचांनी पेढा घेतला नाही. खांबाजवळ गेले, खडूचा ५ तळहातानं पुसला, आकड्यावरचा कप काढला आणि माझ्या हातात दिला. मी पेढ्याचा पुडा खाली ठेवून तो घेतला, कारण कुणी काही दिलं की घ्यायचं, एवढं वळण आहे मला. ते म्हणाले, “आपण बसा, बाई,” आणि सायकल घेऊन निघून गेले. ‘आपण’ ऐकलं तेव्हा बंडूचं काय होत असेल ते मला कळलं.

आप्पा गवंडी हात पुसत जवळ आला. “आवं बाई, काय क्येलंसा ह्ये! त्यो पोरगा चाचांचा ल्योक हुता. फौजंत हाय. पार तिकडं बर्फात, फोन बी लागत न्हाई. दीड वरसानं सुट्टीवर आला हुता. चाचानं ठरवलं हुतं, धा दिवस कुठं जायाचं न्हाई, पोरगा आन् आपण. त्येला आजोळी रहिमतपूरला न्यायाचं हुतं. तुमी पाच म्हनलासा, तवा सगळं ऱ्हायलं. पोरगंच म्हनलं, आब्बा, तुमी घरी न्हाई येत तर मी शेडवर येतो.”

“आता कुठं आहे तो?”

“काल गेला की. मिरजंच्या ठेसनातनं.”

मी तो कप घेऊन परतीच्या गाडीत बसले. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, “बाई, हातात धरून कुठं निघालासा? पिशवीत ठेवा की, रिकामाच हाय न्हवं?” मी म्हटलं, “खाली ठेवता येत नाही.” त्यानं माझ्याकडं जरा जपून पाहिलं आणि पुढं गेला.

पंधराला तोडणी झाली, बेदाणा सोन्यासारखा निघाला, भाऊजींनी घरच्यांसमोर माझं कौतुक केलं. मी चाचांच्या घरी गेले, माफी मागितली. चाचींनी सरबत दिलं. चाचा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, “तुमी खोटं बोललासा, त्येचं काय न्हाई, बाई. लोक बोलत्यातच. पर तुमी मला बी त्या लोकांतलाच समजलासा.” मी कप परत करायला पुढं केला तर म्हणाले, “काम कुठं झालंय?”

काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही ते कळायला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर कप माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर होता आणि त्यात काहीही ओतायला सगळ्यांना बंदी होती. दर महिन्याला मी चाचींना फोन करून एकच प्रश्न विचारायची: “पोराची सुट्टी कधी?” शेवटी एकदा त्या म्हणाल्या, “ताई, आता येईल, पर काय उपेग? नेमकी सीझनमधीच आलीया. ह्येनी दुसऱ्या गावात शेडचं काम धरलंय.” मी त्यांच्याकडून दिवस लिहून घेतला, घडीची खुर्ची, छत्री आणि कप घेतला, आणि पोरगा यायच्या दिवशी सकाळी त्या गावात जाऊन उभी राहिले.

“बाई? तुमी हितं?”

“तुमचे दहा दिवस माझ्याकडं राहिलेत. तुम्ही घरी जा. इथं मी बघते.”

चाचांनी माझ्याकडं, खुर्चीकडं, छत्रीकडं पाहिलं. “तक्ता आणलाय?”

“नाही.”

“मग जातो,” म्हणाले.

ते दहा दिवस मी साठीत काढलेल्या कुठल्याही दहा दिवसांपेक्षा जास्त हसले आणि जास्त रडकुंडीला आले. पहिल्या सकाळी सगळ्यांना उभं करून मी विचारलं, “काल किती झालं?” आप्पा हळूच म्हणाला, “बाई, तसं न्हाई. कुणासाठी अडलाय, असं.” मग मी तसं विचारलं, तर कळलं की तिघंजण माझ्यासाठीच अडले होते, कारण जाळीच्या गठ्ठ्यावर मी खुर्ची मांडली होती. दुसऱ्या दिवशी आप्पा आणि बंडूचं वाजलं. मी चाचांच्या थाटात त्यांच्या खांद्यावर अँगल दिला. भांडण बांधापर्यंत मिटलं, पण दोघं बोलण्यात इतके रंगले की अँगल शेजारच्या शेडवर ठेवून रिकामे परत आले. चौथ्या दिवशी रस्त्यावरच्या बाभळीआड एक मोटारसायकल उभी दिसली. पोरगा चालवायला, मागं चाचा, मान लांब करून खांब मोजताहेत. मी छत्री घेऊन तरातरा गेले. “चाचा, आपण इथं कशाला आलासा?” ‘आपण’ म्हटल्याबरोबर चाचांनी पोराच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी आल्या वाटेनं परत फिरली. जाताना पोरगा मात्र वळून “जी, मॅडम!” म्हणाला.

नवव्या दिवशी चाचांचा फोन आला. “बाई, जाळी?” आणि छत्तीस वर्षांची सवय माझ्या तोंडातून बाहेर पडली: “झालीच समजा, चाचा.” बोलून गेले आणि पाहिलं तर बंडूचा हात हवेत थांबलेला, आप्पाची थापी थांबलेली. मी पर्स उघडली, कप काढला आणि हातात घेऊन उभी राहिले. बंडू इतका हसला की त्याला शिडीवरून उतरवावं लागलं. दहाव्या दिवशी मी आपण होऊन फोन केला. “चाचा, एक रांग राहिली आहे. उद्या दुपारी बारापर्यंत होईल.” पलीकडून हसू ऐकू आलं. “आता तुमाला काम आलं, बाई.”

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती रांग पुरी झाली. पोराला मिरजेच्या गाडीत बसवून चाचा साडेबारापर्यंत तिथं आले. दाढी नुकतीच रंगवलेली होती, पण कानामागं मेंदीचा भलामोठा डाग. मी विचारलं, काय केलंत दहा दिवस? “काय न्हाई. बसलो. रहिमतपूरला गेलो, पोरानं मामाच्या हिरीत उड्या मारल्या. त्येनंच दाढी रंगवून दिली, त्याला कुठं जमतंय.” तो डाग त्यांनी मुद्दाम पुसला नव्हता. मग स्टोव्ह पेटवला, आलं ठेचलं, माझ्या हातातला कप घेतला आणि काठोकाठ भरून परत दिला. इतका चांगला चहा मी त्याआधी प्यायले नव्हते, नंतरही नाही. कप धुऊन मी आकड्याला लावायला निघाले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. माझ्याकडं दुसरा हाय.”

मुलगा आता फौजेतून निवृत्त झाला. रहिमतपूरला त्यानं घर बांधलंय, पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंय, आणि आईबापांना तिकडं नेलंय. चाचांचा हात थरथरतो, त्यामुळं शेडची कामं बंद. दाखवायला सांगलीला यावं लागतं, आणि आले की डॉक्टरकडून थेट विश्रामबागेत आमच्याकडं. निघताना मी विचारायची, “आता कधी?” आणि चाचा सांगायचे, “पुढल्या म्हैन्यात दुसरा मंगळवार. अकराच्या गाडीनं.” दुसऱ्या मंगळवारी अकराची गाडी आली की दारात ती भोकांची टोपी. मी आता कुणालाच अलीकडची तारीख सांगत नाही. त्यामुळं माझे ब्लाउज कधीच वेळेवर येत नाहीत, पण ते राहू दे.

गेल्या खेपेला त्यांना उठताना दोनदा खुर्चीचा हात धरावा लागला. या वेळी एसटी नव्हती, मुलानं आपल्या गाडीनं आणलं होतं, आणि तो खाली गाडी काढत होता. मी नेहमीसारखं विचारलं, “आता कधी, चाचा?”

चाचांनी बोटं मोजायला घेतली. बोटं थरथरत होती, मोजता मोजता थांबली. रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “बघू, बाई.”

‘बघू’ म्हणजे ‘झालंच समजा’चा सख्खा भाऊ. असा शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, फळीवरून निळ्या फुलांचा कप काढला, आणि आणून त्यांच्या हातात दिला. रिकामा. “घ्या. चहा भरलाच समजा.”

चाचा कपाकडं पाहत राहिले, मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. वयानं आलं असेल. खिशातला रुमाल काढला, त्यात कप गुंडाळला, दोन्ही हातांनी धरला. “आता ठेवता येणार न्हाई खाली,” म्हणाले. मी म्हटलं, “नाहीच. आल्यावर भरून देते.” गाडीत बसतानाही तो त्यांच्या मांडीवर होता.

परवा फळी पुसताना सुनेनं विचारलं, “आई, तो टवका उडालेला कप कुठं गेला?”

मी सांगितलं, “रहिमतपूरला गेलाय.”

“परत कधी येणार?”

माझ्या जिभेवर दोन शब्द आलेच होते. मी ते गिळले, आणि चहासाठी आलं ठेचायला घेतलं.